भ्रूणाचे रक्षण आणि शिक्षेची जागा

गर्भलिंगनिदानाच्या तंत्राला आवर घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. तेव्हा वाद गर्भजल परीक्षेचा होता; आज तो प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेल्या भ्रूणापर्यंत आला आहे. या भ्रूणाला फौजदारी कायद्याचे संरक्षण हवेच. मात्र शिक्षा माणसाच्या कृत्यावरून ठरावी, पेशीच्या वयावरून ठरू नये, असे माझे ठाम मत आहे.

पेशीच्या वयावरून शिक्षा ठरवली की काय होते, यासाठी जर्मनीचा १९९० चा भ्रूणसंरक्षण कायदा पाहा. नाझी काळातले वैद्यकीय अत्याचार पाहिलेल्या देशाने कडक भूमिका घेतली, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण या कायद्यात भ्रूण मानला जातो तो स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची केंद्रके एकरूप झाल्यानंतर. शुक्राणू आत शिरल्यापासून तिथवर साधारण एक दिवस जातो. म्हणून तिथे पुष्कळदा बीज त्याच्या अलीकडेच गोठवतात. कायद्याच्या लेखी तो अजून भ्रूण नसतो. पुढे अशी शिल्लक बीजे दुसऱ्या जोडप्याला द्यायची वेळ आली आणि पंचाईत झाली. तयार झालेला शिल्लक भ्रूण दान करता येतो. पण एक दिवस आधी गोठवलेले बीज वितळवून दिले, तर ते परक्या स्त्रीबीजाचे फलन ठरू शकते, आणि त्याला तिथे मनाई आहे. खालच्या न्यायालयांनी अशा प्रकरणातल्या आरोपींना निर्दोष सोडले, बव्हेरियाच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० साली तो गुन्हा ठरवला. काय केले असता शिक्षा होईल हे माणसाला आधी कळले पाहिजे, ही फौजदारी कायद्याची पहिली अट. इथे तर न्यायाधीशांचेच एकमत होईना.

कायद्याची पकड सैल केली, तर ज्याला स्वतःचा आवाज नाही त्याच्या बाजूने कोण उभे राहील, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ब्रिटननेही १९९० सालीच कायदा केला आणि तुरुंगाची तरतूद ठेवली. परवाना देणारे प्राधिकरण नेमले, भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवायला बंदी घातली, विनापरवाना काम हा गुन्हा ठरवला. त्यामुळे आपण रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत, हे तिथल्या डॉक्टरला काम सुरू करण्यापूर्वीच विचारता येते.

आपल्या २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने भ्रूणाची विक्री गुन्हा ठरवली, ते योग्यच झाले. पण पहिल्यांदा पकडले गेल्यास शिक्षा फक्त ५ ते १० लाखांचा दंड. तुरुंग आहे तो पुन्हा तेच केल्यावर. मोठ्या वंध्यत्व-उपचार केंद्राच्या हिशेबात असा दंड धंद्याचा खर्च म्हणून सहज मुरतो. उलट गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या केंद्रीय कायद्यात सोनोग्राफीचा ‘एफ’ फॉर्म अपुरा भरला, तर पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कायम ठेवली. डॉक्टर मंडळींना ती जाचक वाटते. मला मात्र ती पटते, कारण बंद खोलीत काय घडले याचा माग त्या कागदावरच राहतो. पण कागदातल्या त्रुटीला कैद आणि भ्रूण विकणाऱ्याला पहिल्या खेपेस नुसता दंड, हे कोणत्या न्यायात बसते? या सभेच्या ठराव समितीने भ्रूणविक्रीच्या शिक्षेच्या या एका कलमाच्या दुरुस्तीचा मसुदा करावा आणि तो केंद्र सरकारकडे पाठवावा, ही माझी यजमान या नात्याने आग्रहाची विनंती आहे.