दुपारची वीज आणि दिवेलागणीची वीज



आपण जेथे जमलो आहोत त्या जबलपुरातच, नयागाव भागात, मध्य प्रदेशाचे भारप्रेषण केंद्र आहे. राज्यात कोणत्या क्षणी किती वीज निर्माण होते व किती खर्च होते, यावर तेथे अहोरात्र लक्ष असते. धान्य वखारीत ठेवता येते. वीज साठविणे मात्र अद्याप खर्चाचेच आहे. विजेचा बाजार रचणाऱ्याची सारी अडचण येथूनच सुरू होते.

रेवा जिल्ह्यातील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाचा लिलाव फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला. हा उलटा लिलाव. जो कमी दर मागेल त्याला काम. बोली सुमारे ३३ तास चालली आणि पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैशांवर आला. पुष्कळांनी याचे श्रेय सूर्याला दिले. परंतु सूर्य आदल्या वर्षीही तितकाच तळपत होता! सौर तबकड्या स्वस्त झाल्या होत्या, हे खरे. पण मुख्य बदल कराराच्या कागदात होता. जमीन व वाहिन्या यांची तजवीज आधीच झालेली होती. २४ टक्के वीज दिल्ली मेट्रो घेणार होती. उरलेली घेणारी कंपनी जबलपूरचीच, आणि तिच्या देण्यास राज्य शासनाची हमी होती. पैसे बुडण्याचे भय विक्रेता नेहमीच दरात मिळवितो. ते भय ओसरले, तेव्हाच स्पर्धेला धार आली.

तथापि एका प्रश्नाला या लिलावाने हात घातला नाही. दुपारी बाराच्या आणि सायंकाळी पाचच्या युनिटला तेथे एकच मोल आहे. वीज विनिमय केंद्रांत तसे नसते. तेथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात. प्रत्येक भागासाठी विक्रेते व ग्राहक गुप्तपणे बोली देतात, आणि मागणी व पुरवठा जेथे जुळतो तो दर सर्वांना लागू होतो. १ जून २०२० पासून तर असा सौदा दर अर्ध्या तासाने होऊ लागला. भर दुपारी सौर विजेचा लोंढा येतो, दर घसरतात, दिवेलागणीला चढतात.

मग सारी सौर वीज याच बाजारात विकावी काय? मला ते मान्य नाही. उद्याचा दर ठाऊक नसेल तर कोणती बँक कर्ज देईल? उलटपक्षी, सर्वत्र एकच दर ठेवला, तर बरगी धरणाच्या ९० मेगावॅटच्या वीजगृहाने सिंचनाची गरज सांभाळून पाणी संध्याकाळसाठी का राखावे? म्हणून दीर्घ करार व त्यामागची हमी कायम ठेवावी, मात्र त्या करारातच दुपारचा दर वेगळा आणि सायंकाळचा वेगळा लिहावा.