अंकुराची वाढ आणि हलणारी वही



परभणीकरांना अंकुराचे कौतुक सांगणे म्हणजे गोदाकाठच्या माणसाला पाण्याची चव सांगणे होय. या गावी १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि ‘परभणी मोती’ ही ज्वारी येथेच निपजली. तरीही अंकुर प्रत्यक्ष वाढताना आपल्यापैकी कोणी पाहिला आहे काय? काल तो बोटभर होता, आज वीतभर आहे. मधली हालचाल मात्र डोळ्यांना दिसत नाही.

ती पाहण्याची युक्ती त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ साली केली. लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा न हलवता थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग दाखविताच वाटाणा भराभर उगवून वर चढू लागला. ‘अंकुराची वाढ’ पाहून धनिकाचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंचे दागिने तारण पडले. आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. एका कुडुंबाची भाकरी त्या अंकुरावर टांगलेली होती, हे आपण विसरू नये. पुढे दादासाहेबांनी काड्यापेटीतील काड्यांनाही याच रीतीने नाचविले.

असे का होते? चित्रे तर स्थिरच असतात. मॅक्स वर्थायमर या शास्त्रज्ञाने त्याच १९१२ साली दाखवून दिले की, किंचित वेगळ्या जागी लागोपाठ दिसणाऱ्या दोन आकृतींमधून मन स्वतःच गती निर्माण करते. म्हणजे अर्धे चित्र कलावंत काढतो आणि अर्धे आपण!

आता शंभर वर्षे पुढे येऊ. निन्टेंडो या जपानी कंपनीने २००८ साली आपल्या हातातील खेळयंत्रासाठी एक साधन काढले. त्याच्या जपानी नावाचा अर्थ ‘हलणारी टिपणवही’ असा आहे. लेखणीने पडद्यावर चित्र काढावे, पान उलटावे. मागील पानावरचे चित्र पुसट दिसत राहते, त्यावरून पुढचे किंचित सरकवून काढावे. रंग मोजके, पाने फार तर ९९९. परंतु या अपुऱ्या सामग्रीत जगभरच्या मुलांनी चालणारी माणसे, उडणारे पक्षी निर्माण केले. २०१७ साली त्या यंत्राचे ऑनलाइन दुकान बंद झाले. साधन गेले, हाताला लागलेले वळण मात्र कोणत्याही दुकानाबरोबर बंद होत नाही.

आमचा मुद्दा हाच आहे. आज आपल्या मुलांच्या हाती फाळक्यांच्या कॅमेऱ्याहून कितीतरी समर्थ यंत्र आहे, आणि ती त्यावर दुसऱ्यांनी केलेली चित्रे तासन्‌तास पाहतात. त्यांना नुसते रागावून काय उपयोग? त्यांच्यापुढे ज्वारीचे चार दाणे आणि एक कुंडी ठेवावी. फोन हलणार नाही असा बसवावा, रात्रीही दिवा सारखा राहील असे पाहावे आणि दर १५ मिनिटांनी एक चित्र घ्यावे. दिवसाची ९६, दहा दिवसांची ९६०. सेकंदाला १६ या वेगाने दाखविली की बरोबर एक मिनिट होते! फोन इतके दिवस सुटत नसेल तर जुन्या वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने चित्रे काढावीत. पाने फरफर सोडली की तीही हलतात.

दहा दिवसांच्या मोबदल्यात एक मिनिट, हा व्यवहार तोट्याचा वाटेल. पण पेरणी करून आभाळाकडे पाहत बसणाऱ्या या जिल्ह्याला वाट पाहणे शिकवावे लागत नाही. आपल्या मुलांना तेवढा वारसा मिळावा आणि त्यांनी पाहणाऱ्यांच्या रांगेतून उठून करणाऱ्यांच्या रांगेत बसावे, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.