नगरसंस्थेचा वकील : शिक्षण, अनुभव आणि उत्तरदायित्व

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर व व्यवसायाने कापड व्यापारी. तरीही हा विषय हेतुपुरस्सर निवडला आहे. आपली कितीतरी मुले बी.कॉम. होऊन पुढे काय करावे या विवंचनेत असतात. नगरपालिकेची बाजू न्यायालयात मांडणारा वकील होणे, हा त्यांच्यापुढील एक सन्मान्य मार्ग आहे.

पदवीनंतर तीन वर्षांचे अथवा बारावीनंतर पाच वर्षांचे विधी शिक्षण, महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा, एवढी औपचारिक पात्रता होय. खरे शिक्षण पुढे दिवाणी न्यायालयात होते. मनाईचे अर्ज, घरपट्टीचे वाद, अनधिकृत बांधकामाच्या नोटिसा, भूसंपादन ही तेथील नित्याची कामे. करआकारणीच्या दाव्यात हिशेब वाचता येणारा वाणिज्य पदवीधर निश्चितच उजवा ठरतो.

कायद्याचे भान तर पावलोपावली हवे. शेजारच्या इचलकरंजीस २०२२ पर्यंत नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम लागू होता. महानगरपालिका होताच १९४९ चा अधिनियम आला. ग्रामपंचायतीच्या हद्दीत १९५८ चा. वेस ओलांडली की कायदा बदलतो!

या क्षेत्राची परंपरा थोर आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याच्या घडणीत बॅरिस्टर फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग या विधिज्ञांचा मोठा वाटा होता. त्याच कायद्याच्या कलम ३१४ वरून पदपथवासीयांचा सुप्रसिद्ध खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. पदपथावरील अतिक्रमण पूर्वसूचनेविना हटविण्याची मुभा हे कलम देते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १९८५ मध्ये ते वैध ठरविले. परंतु सूचना न देणे हा अपवाद असावा, एरवी म्हणणे ऐकून घ्यावे, असा अर्थ लावला. पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, झोपड्या न हटविण्याचेही बजावले. अधिकार असणे निराळे आणि तो न्यायाने वापरणे निराळे, हाच यातील बोध.

म्हणूनच नगरसंस्थेच्या वकिलाचे उत्तरदायित्व दुहेरी आहे. त्याचा पक्षकार संस्था असते; मात्र त्याची फी करदाता भरतो, आणि बहुधा समोरचा वादीही करदाताच असतो. दावा हरला तरी खर्च जनतेच्याच माथी. सदोष नोटीस न्यायालयात रेटण्याऐवजी ती मागे घेण्याचा सल्ला वेळीच देणारा वकील, हाच संस्थेचा खरा हितचिंतक होय.

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. एका तारखेसाठी मुंबई गाठण्याचा खर्च व दगदग टळली. आपल्या तरुणांना घराजवळ उच्च न्यायालयातील अनुभवाचे दार खुले झाले.

वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच विधी शाखेच्या होतकरू मुला-मुलींनाही समाजाने शिष्यवृत्तीचा हात द्यावा, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.