घराची राहिलेली कामे



या मंडपात गेले चार दिवस आपण मोठमोठे विषय ऐकले. त्यांच्या मागून आम्ही उभे राहिलो आहोत ते दाराच्या चौकटीभोवतालच्या पट्ट्या आणि घरातील जेवायची जागा यांविषयी बोलायला. चिटणिसांनी फोनवर विषय विचारला, आणि आम्ही तो सांगितल्यावर ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे गुरुजी, पण थोडे विस्ताराने सांगा." त्यांचा अविश्वास आम्हाला समजतो. तरीही विषय क्षुल्लक नाही असे आमचे म्हणणे आहे, आणि त्याला साक्ष म्हणून या प्रथेच्या जनकालाच बोलावतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच रानड्यांना १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमधील चहाच्या एका पेल्याने किती मनस्ताप दिला, हे आपण जाणता. त्या बैठकीला टिळकही होते. नावे छापून आली, गावात ग्रामण्य माजले, आणि अखेर १८९२ मध्ये रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. माणूस कोठे बसून, कोणाबरोबर तोंडात घास घालतो, ही गोष्ट आपल्या समाजात लहान कधीच नव्हती. ती घराच्या आतही लहान नसते. आम्हाला हे कळायला मात्र फार उशीर लागला.

आमचे घर खांबला. रोहे तालुक्यातील हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर, नागोठणे आणि कोलाड यांच्या मध्ये आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल आणि त्याकडे लक्षही गेले नसेल. घर वडिलांनी बांधलेले: पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे परसाकडे उघडणारी सात फूट रुंदीची पडवी. परसात एक जुना फणस होता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि दुपारी तो फणस मुळासकट आडवा झाला. घराचे अर्धे छप्परही गेले. श्रोत्यांत वादळ पाहिलेली मंडळी असतील, तेव्हा त्याचे वर्णन करीत बसत नाही.

छप्पर झाले. भिंतींचा गिलावा झाला. माजघराची, स्वयंपाकघराची आणि पडवीची मिळून पाच चौकटी नव्या बसल्या. आणि तेथे पैसा संपला. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हे ठिकाण ठाऊक आहे. राहण्याजोगे घर झालेले असते आणि पुरे घर झालेले नसते. चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये बोटभर फट असते, खिडकीखालची कड ओबडधोबड असते, वायरी भिंतीवरून लोंबत असतात. माणसे राहायला येतात आणि महिन्याभरात ती फट दिसेनाशी होते. म्हणजे फट असतेच, डोळा ती पाहण्याचे सोडतो. आमच्या दारावरून जाणाऱ्या महामार्गाचे रुंदीकरण पनवेल ते इंदापूर या टप्प्यात २०११ मध्ये सुरू झाले आणि बारा वर्षांनीही पुरते झालेले नव्हते. त्याविषयी आम्ही ओटीवर बसून बरेच कडक बोलत असू. पाठीमागे आमच्या पाच चौकटी उघड्याच होत्या.

आता या पट्ट्यांची गरज काय, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांना तो निव्वळ शोभेचा खर्च वाटतो. लाकूड आणि भिंत यांचा स्वभाव एक नाही. हवेतील ओल पिऊन लाकूड फुगते आणि ओल गेली की आक्रसते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. आमच्या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. म्हणजे लाकडाचे वर्षातून एकदा भरणे आणि एकदा रिकामे होणे ठरलेले. भिंत मात्र जागच्या जागी. तेव्हा या दोघांचा सांधा दरवर्षी उघडणारच. त्यात सिमेंट कितीही चोपले तरी पुढच्या फाल्गुनात तेथे चीर दिसते. पट्टी त्या सांध्यावरून अंथरायची असते, आणि ती खिळ्यांनी एकाच अंगाला, चौकटीच्या लाकडाला ठोकायची असते. भिंतीकडची कड मोकळी. मग चौकट हलली तरी पट्टी तिच्याबरोबर सरकते आणि चीर झाकलेली राहते. आमच्या पहिल्या सुताराने दोन्ही अंगांना ठोकली, भिंतीत लाकडी गुट्टे बसवून अगदी पक्की. पहिल्याच पावसाळ्यानंतर पट्टी मधोमध उभी फाटली. त्या माणसाला दोष द्यावा तर घाई आमचीच होती.

दारांचेही तेच. आषाढात दार घासू लागले की आपण ताबडतोब रंधा मारायला लावतो, आणि पौषात त्याच दारातून बाहेरचा उजेड दिसतो. दार अगदीच अडत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर मार्गशीर्षापर्यंत थांबावे, आणि मग काय उरते ते पाहून हत्यार लावावे.

आणखी एक गोष्ट खास कोकणासाठी. फट झाकण्यापूर्वी फटीत काय आहे ते पाहा. आम्ही दुसऱ्या खेपेस जुन्या पट्ट्या काढल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या चौकटीमागे वाळवीने मातीची नळी थेट वरपर्यंत चढवलेली होती. पट्टीने तिला पडदाच दिला होता. म्हणून आधी फट खरवडावी, औषध मारावे, आणि मगच झाकावी. काजूच्या टरफलांचे तेल किनाऱ्याकडची मंडळी होड्यांना लावतात. ते लाकडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या अंगाला लावले तर किडीला चांगला आळा बसतो. मात्र हाताला लागले तर कातडी भाजते, तेव्हा ते काम सवयीच्या माणसाकडेच द्यावे. आणि जमिनीलगत भिंतीच्या पायाशी लाकडी पट्टी मुळीच लावू नये. शहरातील चित्रे पाहून आम्हीही तो बेत केला होता. पण रोज पुसायचे पाणी लागणाऱ्या घरात तेथे फरशीचीच चार इंचांची पट्टी हवी.

आपल्या पूर्वजांना या कामाचे महत्त्व कळत नव्हते असे कोणी समजू नये. जुन्या वाड्याच्या दर्शनी चौकटीवरील कोरलेली गणेशपट्टी आठवा. वेलबुट्टी, कमळे, मधे गणपती. सगळे लाकूडकाम कसे डोळ्यांत भरते! पण त्याच वाड्यात आत चालत जा. माजघराच्या दाराला साधी चौकट, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पोचाल तेव्हा नुसते तासलेले दोन खांब आणि धुराने काळी झालेली एक आडवी तुळई. कारागिरी पाहुण्याच्या नजरेपर्यंत जाते आणि तेथे थांबते. आमच्या घरीही, आता कबूल करायला हरकत नाही, पहिली पट्टी ओटीच्या दाराला लागली.

त्या पडलेल्या फणसाकडे येतो. फणसाचे लाकूड फार गुणाचे आहे. दक्षिणेत वीणा आणि मृदंग त्याचे करतात. त्याच्या गाभ्याच्या रंगात बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगवीत. कापल्यावर ते हळदीसारखे पिवळे दिसते आणि वर्षे जातात तसे तपकिरी होत जाते. पावसाळा संपल्यावर आम्ही ओंडका वखारीत नेऊन दीड इंची फळ्या काढल्या आणि पडवीत मांडण्यासाठी जेवायचे टेबल करायचे ठरवले. जाणत्या मेस्त्रींनी सांगितले, "गुरुजी, इंचाला एक वर्ष. दीड वर्ष फळ्यांना हात लावू नका." आम्ही सहा महिन्यांतच दुसऱ्याकडून टेबल करवून घेतले. पुढच्या पावसाळ्यात फळ्यांनी पाठ वाकवली, आणि थंडीत मधला सांधा असा उघडला की त्यातून रुपया खाली पडावा. मग टेबलाचा वरचा भाग सोडवून आम्ही पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवला, आणि तो तेथे दोन वर्षे राहिला. पाटावरची जेवणे पूर्ववत चालू झाली.

त्या दोन वर्षांविषयी थोडे सांगावयाचे आहे. आमच्या घरात स्वयंपाक पूर्वी चुलीपाशी बसून होई. पुढे उभा ओटा आला, आणि बायकांची वाकण्यातून सुटका झाली असे सगळ्यांनी म्हटले. पण जेवणारे पाटावरच राहिले. म्हणजे करणारी उभी झाली आणि खाणारे खालीच बसले. प्रत्येक पोळी ओट्यावरून पानापर्यंत पोचवताना वाढणारीची कंबर पहिल्यापेक्षा अधिक वाकू लागली. हा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता. आईची वाढायची हौस आणि आमची आग्रहाची आवड यांत तो दडून गेला होता. तिचे गुडघे तर कधीच गेले होते.

एके दुपारी जेवून उठल्यावर आमचा चष्मा राहिला म्हणून आम्ही परत स्वयंपाकघरात गेलो. आई ओट्याशी उभी होती. डाव्या हातात ताट, ताटात कालवलेला आमटीभात, आणि ती उभ्यानेच जेवत होती. आम्ही विचारले, "आई, असे का?" ती म्हणाली, "अरे, खाली बसले तर उठवायला दोन माणसे लागतात. तुम्ही सगळे जेवून पांगलेले असता." किती दिवस हे चालले आहे, असे आम्ही सौभाग्यवतींना विचारले. त्यांनी सांगितले, "वादळाच्या आधीपासून." त्याही बहुतेक दिवशी सोबत म्हणून उभ्यानेच जेवत होत्या. टेबलाची फळी तेथून चार पावलांवर भिंतीला टेकलेली होती.

फळ्या एव्हाना चांगल्या वाळल्या होत्या. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही त्याच जाणत्या मेस्त्रींच्या पाया पडलो. त्यांनी फळ्या पुन्हा रंधल्या, नवे सांधे केले आणि वरचा भाग पायांच्या सांगाड्याला स्क्रूने घट्ट न आवळता खाचेत सरकणाऱ्या लाकडी गुटक्यांनी धरला. तीन फूट रुंदीच्या त्या फळीत मे आणि ऑगस्ट यांमध्ये तीनेक सूत फरक पडतो, हे आम्ही स्वतः मोजले आहे. तो फरक पडू दिला म्हणून टेबल शाबूत आहे.

मापे सांगतो, कारण लिहून घेणारे काही चेहरे दिसताहेत. टेबलाची उंची अडीच फूट, बसायची बैठक दीड फूट. दोहोंत एका फुटाच्या आतबाहेर अंतर असले की हात सुखाने चालतो. माणशी दोन फूट लांबी धरावी. रुंदीत मात्र विलायती माप उचलू नये. आपले ताट त्यांच्या बशीहून मोठे असते. समोरासमोर दोन ताटे, आणि मधे आमटीचे पातेले, भात, पोळ्यांचा डबा, पाण्याचा तांब्या, इतके सगळे बसायचे तर तीन फूट हवेतच. हे टेबल सात फुटांच्या पडवीत चहूबाजूंनी खुर्च्या ठेवून मांडले असते तर मागून कोणाला जाता आले नसते. म्हणून भिंतीच्या अंगाला साधे बाक केले, दुसऱ्या अंगाला तीन खुर्च्या, आणि त्यांच्या पाठीमागे अडीच फुटांची वाट सोडली. बाकावर मुले दाटीने चार बसतात.

रोगणाविषयी एक चूक आणखी सांगून टाकतो. प्रथम आम्ही स्पिरिटमधील लाखेचे पॉलिश लावले. आरशासारखे चकाकले. तिसऱ्या दिवशी गरम पातेले ठेवले आणि पांढरे कडे उमटले. लाखेला उष्णता आणि पाणी दोन्ही सोसत नाहीत; ते पॉलिश दिवाणखान्यातील कपाटाला शोभते. सगळे काचपेपरने उतरवून आम्ही उकळलेल्या अळशीच्या तेलाचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. चकाकी नाही, पण डाग पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल देता येते. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेटू शकतात. उन्हात पसरून वाळवा.

पहिल्या दिवशी आई टेबलाशी बसली, पण स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीवर, अर्धी टेकून. दर दोन घासांनी उठत होती. सौभाग्यवतींनी सगळी भांडी ओट्यावरून उचलून टेबलाच्या मधोमध आणून ठेवली आणि म्हणाल्या, "आता उठून जायचे कशाला? ज्याला हवे तो हाताने घेईल." तेव्हा ती नीट बसली. मग लक्षात आले की तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत, लोंबकळतात. आम्ही तिचाच जुना पाट पायांखाली सरकवला. ती रागावली. "पाटाला पाय लावू होय? ह्या पाटावर तुझी मुंज झाली." मेस्त्री तेथेच कडा घाशीत होते, ते काही न बोलता उठले, उरलेल्या फणसाच्या तुकड्याची पाच इंच उंचीची एक चौकी करून दुसऱ्या दिवशी घेऊन आले. पाट देवघरात गेला.

चौकटींपैकी चार झाल्या. स्वयंपाकघराच्या दाराला आम्ही हट्टाने सगळ्यांत रुंद पट्टी लावली आणि वर छोटासा गोलवा काढून घेतला. पाचवी, न्हाणीघराकडची, अजून उघडी आहे. मेस्त्रींना परवाच विचारले, तर म्हणाले, "लाकूड आहे, पट्ट्या काढून ठेवल्यात. पण गुरुजी, आता पाऊस तोंडावर आला. दिवाळीनंतर बघू."