एकतीस लांबींचे अंतर



शर्यत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घाटातून उधळत जाणारे बैलगाडे येतात, विदर्भात राहणाऱ्यांना शंकरपट आठवतो. मी आज ज्या शर्यतीची हकीकत सांगणार आहे ती मात्र अमेरिकेतली, न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्क नावाच्या मैदानावरची, घोड्यांची शर्यत आहे. ती झाली ९ जून १९७३ रोजी. मी काही ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. परंतु तिची चित्रफीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे, आणि जे त्या दिवशी तिथे हजर होते त्यांच्या आठवणी वाचल्या आहेत. घोड्यांवर पैसे लावणे हा काही माझा छंद नव्हे, आणि तुम्हांला तो लागावा अशी तर मुळीच इच्छा नाही. तरीही ही शर्यत मला एक शिक्षक म्हणून पुन्हा पुन्हा आठवते. का आठवते, ते शेवटी सांगतो.

घोड्याचे नाव सेक्रेटॅरिअट. रंगाने तांबूस, तीन पाय पांढरे, कपाळावर पांढरी चांदणी. त्याच्या जन्माआधीची एक गंमत आहे. त्याच्या पित्याचे, म्हणजे बोल्ड रूलर या नामांकित घोड्याचे मालक एक, आणि माता समथिंगरॉयल हिचे मालक दुसरे. घोडीच्या बाजूने व्यवहार पाहत होत्या पेनी चेनरी नावाच्या बाई. वडील आजारी पडले म्हणून घरसंसार सांभाळणाऱ्या या बाईंनी व्हर्जिनिया राज्यातल्या त्यांच्या घोड्यांच्या शेतीचा कारभार हाती घेतला होता. शेती तोट्यात होती, आणि भावंडे म्हणत होती, विकून टाका.

दोन्ही मालकांचा करार असा, की दोन वर्षांत जी शिंगरे होतील ती वाटून घ्यायची, आणि पहिली निवड कुणाची ते नाणे उडवून ठरवायचे. १९६९ साली नाणेफेक झाली. जो जिंकेल त्याने पहिल्या वर्षीच्या दोन शिंगरांतून आधी निवडायचे, जो हरेल त्याने दुसऱ्या वर्षी आधी निवडायचे. पण दुसऱ्या वर्षी एकच घोडी गाभण राहिली होती. म्हणजे जिंकणाऱ्याला एक शिंगरू, आणि हरणाऱ्याला दोन! त्यामुळे मौज अशी, की दोघांनाही हरायचे होते. पेनीबाई हरल्या. त्यांच्या वाट्याला आलेले, तेव्हा अजून आईच्या पोटातच असलेले शिंगरू म्हणजे सेक्रेटॅरिअट. ते जन्मले ३० मार्च १९७० रोजी. जिंकणाऱ्या मालकाने निवडलेल्या शिंगीने पुढे एकही शर्यत जिंकली नाही.

अमेरिकेत तीन वर्षांच्या घोड्यांसाठी तीन मोठ्या शर्यती असतात. पहिली केंटकी डर्बी, सव्वा मैलाची. दुसरी प्रीकनेस, तिच्याहून किंचित लहान. आणि तिसरी बेलमाँट, सर्वांत लांब, दीड मैलाची. तिन्ही जिंकणाऱ्याला तिहेरी मुकुटाचा मान. तो मान १९४८ सालानंतर पंचवीस वर्षे एकाही घोड्याला मिळाला नव्हता. दोन शर्यती जिंकायच्या आणि बेलमाँटच्या दीड मैलाने दम काढायचा, असे पुष्कळांचे झाले होते.

सेक्रेटॅरिअटने डर्बी जिंकली आणि प्रीकनेसही जिंकली. दोन्ही वेळा तो आधी सर्वांच्या मागे होता आणि मग एकेकाला मागे टाकत पुढे आला. डर्बीत तर प्रत्येक पाव मैल त्याने आधीच्या पाव मैलापेक्षा कमी वेळात कापला. दोन्ही शर्यतींत दुसरा आला तो शॅम नावाचा घोडा, आणि दोन्ही वेळा अंतर होते अडीच लांबींचे. घोड्याच्या शर्यतीत अंतर मोजतात ते घोड्याच्याच लांबीने. एक लांबी म्हणजे अदमासे आठ फूट. हे शॅमचे नाव ध्यानात ठेवा बरे का, त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

बेलमाँटच्या आठवड्यात सेक्रेटॅरिअटचे चित्र अमेरिकेतल्या तीन मोठ्या साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर झळकले. वॉटरगेट प्रकरणाने तो देश तेव्हा उबगलेला होता. लोकांना काहीतरी निर्मळ पाहायचे होते. पण जाणकारांच्या मनात शंका होती. बोल्ड रूलरची पिल्ले चपळ खरी, परंतु लांब पल्ल्याला टिकत नाहीत, असा लौकिक होता. खाण तशी माती, हा हिशेब तिकडेही करतात. शिवाय एप्रिल महिन्यात एका शर्यतीत हाच घोडा तिसरा आला होता, आणि त्या वेळी शॅम त्याच्या पुढे होता. तेव्हा त्याच्या तोंडात गळू झाले होते ही गोष्ट खरी, पण लोक पराभव लक्षात ठेवतात, गळू लक्षात ठेवत नाहीत.

आता शर्यतीकडे येऊ. घोडे पाचच होते. मैदानाची एक पूर्ण फेरी म्हणजे बरोबर दीड मैल. सेक्रेटॅरिअट सर्वांत आतल्या बाजूला, त्याच्यावर स्वार रॉन टरकॉट. हा टरकॉट कॅनडातला, तरुणपणी जंगलात लाकूडतोड्याचे काम केलेला. फाटक उघडले आणि या वेळी, पूर्वीच्या दोन्ही शर्यतींसारखे मागे न राहता, सेक्रेटॅरिअट पहिल्यापासूनच पुढे झेपावला. शॅमही त्याला सोडीना. पहिल्या वळणावर दोघे जोडीने धावू लागले आणि बाकीचे तिघे मागे राहिले.

इथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. शेतात निंदणीला किंवा कापणीला जो गडी सकाळी जोर करून सर्वांच्या पुढे पात काढतो, तो दुपारी कुठे असतो? बहुधा बांधावर, पाण्याचा तांब्या घेऊन! घोड्याचेही तसेच आहे. भरधाव दौडीत घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो. श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूपेक्षा अधिक ताकद स्नायूंनी खर्च केली की ते भरून येतात आणि पाय जड होतात. म्हणून लांब पल्ल्याचा स्वार आधी लगाम राखतो आणि शेवटच्या टप्प्यासाठी बळ शिल्लक ठेवतो.

आणि इथे काय चालले होते? पहिला अर्धा मैल या दोघांनी ४६ सेकंदांच्या किंचित वर कापला. पाऊण मैल झाला तेव्हा घड्याळात ७० सेकंदही भरले नव्हते. छोट्या पल्ल्याच्या शर्यतीत शोभावा असा हा वेग, आणि अजून तितकाच पल्ला बाकी! पाहणाऱ्या जाणकारांनी कपाळाला हात लावला. टरकॉटला झाले आहे तरी काय? हा घोड्याला मारून टाकणार!

पाऊण मैलाच्या सुमारास शॅम मोडला. मोडला हाच शब्द योग्य आहे. चित्रफितीत ते स्पष्ट दिसते. आतापर्यंत खांद्याला खांदा लावून धावणारा घोडा हळूहळू मागे, मागे आणि मागेच जाऊ लागतो. आता सेक्रेटॅरिअटला पुढे कोणी नाही आणि बरोबरही कोणी नाही. रीतीप्रमाणे तो इथे सैल पडायला हवा होता. तो पडला नाही. एक मैल झाला तेव्हा तो सात लांबी पुढे होता. सव्वा मैलाला वीस. शेवटच्या सरळ पट्ट्यात अठ्ठावीस. सव्वा मैल त्याने १ मिनिट ५९ सेकंदांत गाठला, म्हणजे महिन्यापूर्वीच्या स्वतःच्या डर्बीतल्या विक्रमाहूनही लवकर, आणि पुढे पाव मैल धावायचे होते!

दूरचित्रवाणीवर शर्यतीचे वर्णन करणाऱ्या चिक अँडरसन यांच्या तोंडून निघून गेले की हा तर एखाद्या प्रचंड यंत्रासारखा धावतो आहे. ते शब्द पुढे त्या घोड्याच्या नावाला कायमचे चिकटले. आपण रेडिओ ऐकणारी माणसे, धावते वर्णन म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. वर्णन करणाऱ्याला विचार करायला सवड नसते, जे दिसते तेच शब्द होऊन बाहेर येते. मैदानावर सुमारे सत्तर हजार माणसे होती. प्रथम ती ओरडत होती, मग कित्येकांचे डोळे भरून आले, असे त्यांतल्या अनेकांनी नंतर सांगितले आहे.

आणि टरकॉट काय करीत होता? त्याने चाबूक उचलला नाही. शेवटच्या टप्प्यात त्याने मान वळवून मैदानातल्या घड्याळाकडे नजर टाकली. तो क्षण एका छायाचित्रात टिपला गेला आहे. स्वार घड्याळ पाहतो आहे, आणि मागे दूरवर नुसते रिकामे मैदान! घोडा एकतीस लांबींनी जिंकला. वेळ २ मिनिटे २४ सेकंद. जुना विक्रम त्याने दोन सेकंदांहून अधिक फरकाने मोडला. आता पन्नासांहून अधिक वर्षे लोटली, परंतु तो विक्रम अजून अबाधित आहे. दोन डॉलरच्या तिकिटावर जिंकणाऱ्यांना मिळाले फक्त दोन डॉलर वीस सेंट, पण पाच हजारांहून अधिक लोकांनी तेही घेतले नाहीत. ती तिकिटे त्यांनी आठवण म्हणून जपून ठेवली.

या घोड्याची निगा राखणारा मोतद्दार होता एडी स्वेट, दक्षिण कॅरोलायनातल्या गरीब शेतकरी कुटुंबातला एक कृष्णवर्णीय माणूस. केंटकीमध्ये सेक्रेटॅरिअटचा जो पुतळा उभा आहे, त्यात लगाम धरून पुढे चालणारा एडीही आहे. खरारा करणाऱ्या हाताला पुतळ्यात जागा मिळाली, ही गोष्ट मला फार आवडते.

आता शॅमकडे वळू. ज्या घोड्याने एप्रिलमध्ये सेक्रेटॅरिअटला मागे टाकले होते, जो डर्बीत आणि प्रीकनेसमध्ये दुसरा आला, तो बेलमाँटमध्ये कितवा आला? पाचवा, म्हणजे शेवटचा. पुढच्याच महिन्यात त्याच्या पायाचे हाड मोडल्याचे आढळले, आणि तो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. १९९३ साली तो मेला तेव्हा त्याचे हृदय भरले सुमारे आठ किलो, सामान्य घोड्याच्या जवळजवळ दुप्पट. सेक्रेटॅरिअट त्याआधी, १९८९ साली, खुरांच्या दुखण्याने गेला. त्याचे हृदय तोलले गेले नाही, परंतु तपासणाऱ्या डॉक्टरांच्या अंदाजाने ते दहा किलोंचे होते. म्हणजे पाहा, शॅम काही दुबळा नव्हता. दुसऱ्या एखाद्या वर्षी जन्मता तर कदाचित त्याच्याच नावाचे गोडवे गायले गेले असते. तो हरला, कारण तो दुसऱ्याच्या वेगाने धावला. बाकीचे तिघे आपापल्या चालीने धावले आणि त्याच्या पुढे निघून गेले.

शिक्षक बंधुभगिनींनो, मला ही शर्यत आठवते ती यासाठी. आपल्या प्रत्येक वर्गात एखादा सेक्रेटॅरिअट असतो. त्याला स्पर्धेची गरज नसते. पुढे कोणी नसले, मागे कोणी नसले, तरी तो पूर्ण ताकदीने धावतो, कारण धावणे हाच त्याचा आनंद. त्याला चाबूक लागत नाही. त्याच्यावर लगाम घट्ट ओढून धरू नये, एवढेच आपले काम. पण त्याच वर्गात शॅमही असतो. आईबाप त्याला सांगतात, त्याच्याकडे बघ, तो पाहा कुठे पोहोचला! आपणही कधी निकालपत्र देताना तेच बोलतो. मुलगा जिवाच्या आकांताने धावतो, अर्ध्या वाटेपर्यंत बरोबरीने जातोही, आणि मग मोडतो. मग आपण म्हणतो, पोरात दम नव्हता. दम होता हो! आठ किलोंचे काळीज होते! त्याला त्याची चाल सापडू दिली नाही, ही चूक त्याची नव्हे.

ही चित्रफीत आज मोबाइलवर सहज पाहायला मिळते, पुरती तीन मिनिटांचीही नाही. शाळेत मुलांना एकदा जरूर दाखवा. पण एकदा दाखवून थांबू नका. पहिल्या वेळी मुलांना सांगा, पुढच्या घोड्याकडे पाहा. दुसऱ्या वेळी सांगा, आता फक्त शॅमकडे पाहा. आणि मग मुलांना काय दिसले ते त्यांनाच विचारा.