कोळशावरील उपकर आणि संसदेची देखरेख

कोळसा खाणीतून निघाला की त्यावर कर बसतो आणि तो अखेरीस विजेच्या बिलात येऊन पोहोचतो. एक युनिट वीज निर्माण करण्यास सुमारे सातशे ग्रॅम कोळसा लागतो. टनामागे ४०० रुपये उपकर धरला, तर युनिटमागे साधारण २८ पैसे होतात. विहिरीवरील पंप, पिठाची गिरणी, शाळेतील दिवा या सर्वांवर त्याचा थोडाथोडा भार पडत आला. त्यामुळे या पैशाचे पुढे काय झाले, हा प्रश्न दिल्लीतील तज्ज्ञांपुरताच उरत नाही.

हा उपकर २०१० च्या वित्त अधिनियमाने आला. कोळसा, लिग्नाइट व पीट यांवर टनामागे ५० रुपये असा आरंभीचा दर होता. स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनास व प्रकल्पांस साह्य करणे, हा उद्देश. पुढे २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये, अशी सहा वर्षांत आठपट वाढ झाली.

येथे राज्यघटनेतील एक व्यवस्था ध्यानी घेतली पाहिजे. अनुच्छेद २६६ नुसार सरकारचा महसूल प्रथम भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो, आणि अनुच्छेद ११४ नुसार संसदेने विनियोजन अधिनियम संमत केल्यावाचून त्यातून पैसा काढता येत नाही. उपकर ज्या नावाने गोळा झाला, त्या नावाच्या निधीत तो आपोआप जात नाही. दरवर्षी तशी तरतूद सुचवावी लागते व संसदेने ती मान्य करावी लागते. पाटाला पाणी सोडले तरी मधली दारे कोणीतरी उघडावी लागतात, तसाच हा प्रकार.

ती दारे किती उघडली? २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकरापोटी सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमले. त्यांपैकी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीकडे सुमारे २९,६५० कोटी वर्ग झाले आणि प्रकल्पांवर त्याच्या जवळजवळ निम्मीच रक्कम लागली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. तेव्हा ४०० रुपयांचा भार तसाच ठेवून त्याची प्राप्ती राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळविण्यात आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही उपकर गेला व कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला.

याला अपहार म्हणता येणार नाही. राज्यांच्या तिजोरीतूनच शाळा व दवाखाने चालतात, आणि त्यांची गरज कमी मोलाची नव्हे. परंतु एका कारणासाठी मागितलेला पैसा दुसरीकडे वळवायचा, तर ते उघडपणे सांगून वळवावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

ते पाहण्याचे काम संसदेचे. पण वेळ अपुरा पडतो. लोकसभेत बहुसंख्य मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९३ मध्ये विभागवार स्थायी समित्या नेमण्यात आल्या. ऊर्जाविषयक समिती त्यांपैकीच एक. खर्च झाल्यानंतरची तपासणी लोकलेखा समिती करते. तिचे २२ सदस्य असून १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. तिच्यापुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल येतात. उपकराच्या जमेपेक्षा निधीकडे कमी रक्कम वर्ग झाल्याची नोंद त्या अहवालांतून झालेली आहे.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. तथापि संबंधित मंत्रालयास ठराविक मुदतीत कार्यवाहीचे निवेदन द्यावे लागते, आणि ते समाधानकारक न वाटल्यास समिती त्यावर पुन्हा अहवाल सादर करू शकते.