अर्धा किलोमीटरचा प्रश्न



आज नगर निगमाच्या निर्णयांबद्दल बोलू. उदाहरण आपल्या दारातलंच घेतो. जी. ई. रोड आमापाऱ्याकडून चांगला रुंद येतो, तात्यापारा चौकात पोचतो आणि तिथून शारदा चौकापर्यंत एकदम आक्रसतो. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. हा तुकडा रुंद करायची चर्चा दीड दशकाहून जास्त काळ चालली आहे. त्या काळात महापौर बदलले, राज्यातली सरकारं बदलली.

सगळ्यांना दिसतो तो ट्रॅफिक जाम. मला वाटतं, खरं नुकसान रस्त्याच्या कडेला आहे. ज्याचं दुकान रुंदीकरणात जाईल असं लोक म्हणतात, तो छत दुरुस्त करू की नको, याच विचारात वर्षं काढतो. घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ‘यातलं किती जाणार?’ मुलं पुण्या-बंगळुरूला आणि म्हातारे आईवडील इथे, अशा घरांची तर जास्तच कोंडी होते. घर पाडलं नाही, पण ते धड आपलंही राहिलं नाही.

फौजेत ऑर्डर देताना चार गोष्टी सांगाव्या लागतात: काम काय, करणार कोण, किती वेळात, आणि रसद कुठून. एक जरी राहिली तरी जवान हलत नाही. निगमाच्या ठरावाला आपण हेच चार प्रश्न विचारले पाहिजेत.

काम काय, हे सगळ्यांना माहीत आहे. अडतं ते पुढे. रायपूर निगमात ७० वॉर्ड आहेत, म्हणजे ७० पार्षद. सभेत ते ठराव करू शकतात. पण एवढ्या मोठ्या मुआवजाचा पैसा राज्य सरकारकडूनच यावा लागतो, आणि जमीन घेण्याची कायदेशीर प्रक्रिया कलेक्टर कार्यालयातून चालते. तीन दारं झाली. प्रत्येक दारात उत्तर मिळतं, ‘पलीकडे विचारा.’

त्यात उशीर फुकट नसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरात बाजारभाव आणि त्यावर १०० टक्के सोलेशियम, म्हणजे जवळपास दुप्पट रक्कम द्यावी लागते. जमिनीचा भाव एक रुपयाने वाढला की सरकारचा खर्च दोन रुपयांनी वाढतो. वाट पाहण्याची किंमत शेवटी आपल्याच करातून जाते.

अर्धवट निर्णय कसा दिसतो, हे पाहायला लांब जायला नको. शास्त्री चौकातला स्कायवॉक आठवा. काम २०१७ मध्ये सुरू झालं, २०१८ च्या शेवटी सरकार बदललं आणि काम थांबलं. लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षं भर रस्त्यात उभा राहिला. काम राज्याचं होतं, पण धडा निगमालाही लागू आहे.

‘रुंदीकरण करा’ किंवा ‘करू नका’ असं नुसतं ओरडून काही होणार नाही. रस्ता हवा, असंच माझं मत आहे. पण आधी रेषा जाहीर करा, कोणाचे किती फूट जाणार ते लिहून द्या, पैसा वेगळा ठेवा आणि तारीख सांगा. हे जमत नसेल तर लोकांना तसं स्पष्ट कळवा, म्हणजे ते आपलं छत तरी घालतील.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली: भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकत नोंदवायला ६० दिवस मिळतात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. दुसरी: हा कायदा फक्त मालकाचा नाही. तीन वर्षांपासून ज्याची रोजीरोटी त्या जागेवर आहे, असा भाडेकरूही बाधित कुटुंबात मोडतो. तुमच्या ओट्यावर बसणाऱ्या शिंप्याला आणि दुकानातल्या भाडेकरूला हे नक्की सांगा. त्याने जुन्या भाडेपावत्या आणि विजेची बिलं आजच जपून ठेवायला हवीत.

आणि निगमाकडून माहिती हवी असेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अर्जाची फी १० रुपये. वर सांगितलेले चार प्रश्न तसेच लिहा. गल्लीतल्या पाच जणांनी मिळून विचारलं, तर उत्तर देणाराही जरा सांभाळून लिहितो.

पार्षद मत मागायला येतील तेव्हा त्यांना चहा जरूर पाजा. पण कप हातात देताना विचारा, ‘साहेब, तारीख कोणती?’

पुढच्या भागात मालमत्ता कर कसा ठरतो, ते पाहू. जय हिंद.